रत्नागिरीत तंबू कुठे टाकायचा?

पौष पौर्णिमेला जोडून तीन रात्री मी आणि माझी लेक स्कूटरला तंबू बांधून रत्नागिरीभोवती फिरलो. कोल्हापूरहून आंबा घाटाने उतरलो. निघण्याआधी शोधलं तेव्हा हॉटेलं आणि होमस्टे भरपूर सापडले, पण स्वतःचा तंबू कुठे टाकता येईल याची माहिती मिळाली नाही. म्हणून हे लिहितेय.

शहरातले किनारे आधी बाजूला काढते. मांडवीला जेट्टीवर कायम वर्दळ. मिऱ्याला समुद्राने किनारा खाल्लाय आणि धूप थांबवायला दगडांचा बंधारा घातलाय, तिथे तंबूचा प्रश्नच नाही. भाट्ये मात्र मोहात पाडतं. पूल ओलांडला की लांबलचक वाळू आणि मागे सुरूचं बन. पण शहर इतकं जवळ आहे की अंधार पडल्यावरही गाड्या येत-जात होत्या. आम्हा दोघींना ते नको वाटलं.

दिवस मावळायला तासभर होता. फणसोपच्या बाजूला एका घराच्या गडग्याबाहेर उभं राहून हाक मारली. काकू बाहेर आल्या. "काकू, एक रात्र तुमच्या खळ्यात तंबू लावला तर चालेल का?" त्यांनी आम्हाला न्याहाळलं, मग लेकीच्या हातातल्या लोखंडी खुंट्यांकडे बघितलं. "लाव गो बाय, पण खुंट्या नको मारूस. कालच सारवलंय."

खळं म्हणजे घरासमोरचं अंगण, ते खरंच नुकतं सारवलेलं होतं, शेणाच्या अर्धगोल हातांवर हात, कुठे एक भेग नाही. तिथे खुंटी ठोकणं म्हणजे कुणाच्या तरी दिवसभराच्या कष्टाला भोक पाडणं. मग मांडवाच्या मेढींना चारही दोऱ्या बांधल्या आणि तंबू झकास ताणला गेला. विहिरीचं पाणी, न्हाणीघर आणि सकाळी घावन-चहा. पैसे काही केल्या घेतले नाहीत, घरून नेलेला गूळ तेवढा घेतला. तुम्ही जाल तेव्हा असं काहीतरी जवळ ठेवाच. आणि विचारायचं ते उजेडात. अंधार पडल्यावर अनोळखी माणसाला दारात बघून कुणीही बिचकेल. आधार कार्ड स्वतःहून पुढे करायचं, गावच्या पोलीस पाटलांना कळवलं तर उत्तम.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला, आरे-वारेच्या रस्त्याने. हा रस्ता डोळे भरून बघावा, मात्र आरे-वारे असो की गणपतीपुळे, पाण्यात खोल उतरू नये. या किनाऱ्यांवर माणसं बुडाली आहेत. त्याच वाटेवर एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, तंबूसाठी थांबलो होतो. वरून समुद्र असा दिसतो की पाय निघत नाही. पण खाली सगळा जांभा कातळ, खुंटी इंचभरही जाईना. दोऱ्यांना चिरे बांधता आले असते, पण गुरं घेऊन चाललेल्या एका आजोबांनी थांबवलं. म्हणाले, त्या चिऱ्यांखालीच फुरसं बसतं. रत्नागिरीच्या सड्यांवर फुरशी भरपूर, आणि हा साप लहान दिसला तरी विषारी. सड्यावर राहायचंच असेल तर दगड हाताने उचलू नका, रात्री बॅटरीशिवाय पाय टाकू नका, बूट झटकून मगच घाला. आणि कातळावर कोरलेल्या रेषा दिसल्या तर तिथून लांब व्हा. कातळात कोरलेला उक्षी गावचा हत्ती याच जिल्ह्यातला. कातळशिल्पांवर चूल पेटवली की हजारो वर्षं टिकलेली रेघ काळी पडते किंवा तडकते. ती परत आणता येत नाही.

मुक्काम केला नेवऱ्याच्या बाजूला, आणि तिथे माझी मोठी चूक झाली. संध्याकाळी सहाला पोचलो तेव्हा किनारा मैदानासारखा पसरलेला. वाळू कोरडी वाटली म्हणून तंबू ठोकला. रात्री साडेदहाला लेकीने हलवलं, "आई, आवाज जवळ आलाय." चेन उघडली तर फेस तंबूपासून चार पावलांवर. सामान भिजायच्या आत दोघींनी तंबू तसाच उभा उचलून सुरूंपर्यंत नेला. एक चप्पल गेली.

सकाळी जाळं आवरणाऱ्या एका मामांनी हिशोब सांगितला, तो पाठ करा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या पंधरवड्यात पुन्हा एकपासून मोजायचं. भरती दिवसातून दोनदा, आणि तिच्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या संध्याकाळी मी जे मैदान पाहिलं ते ऐन ओहोटीचं होतं! त्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं; अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी कमी चढतं. हिशोब जमला नाही तरी वाळूवर काड्या, शिंपले, प्लॅस्टिकची जी सर्वांत वरची रेघ असते ती शोधा आणि तिच्याही बऱ्याच वर तंबू टाका.

तिसरी रात्र दक्षिणेला, पावसवरून पूर्णगडचा पूल ओलांडून गावखडीत. मला सगळ्यात आवडलेली जागा हीच. सुरूचं मोठं बन, माणसं कमी, वाळू स्वच्छ. पण इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि थंडी हाच त्यांचा हंगाम. मादी रात्री वर येते, उजेड किंवा हालचाल दिसली तर अंडी न घालताच परत फिरते. म्हणून आधी गावात चौकशी केली, कासवांची अंडी राखणाऱ्या कासवमित्रांना विचारलं आणि त्यांनी दाखवलेल्या जागी, किनाऱ्यापासून आत, तंबू लावला. दिवा नाही, शेकोटी नाही. शेकोटी तर सुरूच्या बनात कधीच नको, खाली वाळलेल्या काड्यांची गादी असते, ठिणगी पुरते. आम्ही छोट्या गॅसवर पिठलं-भात केला. पहाटे वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा पट्टा दिसला, पाण्यातून वर आलेला आणि पुन्हा पाण्यात गेलेला. आमच्या आधी कासवमित्र तिथे पोचले होते. अंडी काढून कुंपणातल्या सुरक्षित जागी हलवायची होती. लेक तासभर त्यांच्यामागून हलली नाही.

आणखी काही. वाळूत खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भरून ती हातभर खोल पुरा आणि दोरी तिला बांधा. रात्री मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तेव्हा तंबूची पाठ जमिनीकडे ठेवा. माडाखाली चुकूनही नको, नारळ सांगून पडत नाही. आंब्याच्या बागेत परवानगीशिवाय शिरू नका, आणि जानेवारीत मोहोरावर फवारणी चालू असते तेव्हा परवानगी मिळाली तरी नको. पाणी दर माणशी चार लिटर तरी जवळ हवं. घरी आल्यावर तंबूच्या चेना गोड्या पाण्याने धुवा. मी दोन दिवस आळस केला, खाऱ्याने एक चेन धरली ती अजून सुटलेली नाही.