दगड ठेवायचा, लाकूड काढायचं

मंगळवार, रात्री

सिंकखालच्या कपाटाचं दार आज बिजागरीसकट हातात आलं. स्क्रू धरून ठेवायला आत काही उरलेलंच नाही. तळाची फळी फुगलीय, कडेचं लॅमिनेट सुटलंय आणि बोटानं दाबलं की फळी चहात बुडवलेल्या बटरासारखी चेपते. सगळी भांडी, साबण, फिनेलच्या बाटल्या बाहेर काढून बाल्कनीत ठेवल्या.

सांगलीतलाच नदीकाठचा गावभाग सोडून विश्रामबागला आलो तेव्हा हा फ्लॅट ट्रॉल्यांसकट तयारच मिळाला होता. वरून सगळं चकचकीत. आज तुटलेली कड उजेडात धरून पाहिली तेव्हा कळलं, ही प्लायसुद्धा नाही. पार्टिकल बोर्ड आहे. लाकडाच्या चिपा गोंदात दाबून केलेली फळी. कोरड्या कपाटाला ती चालते. पण एकदा पाणी पिऊन फुगली की वाळल्यावरही मूळच्या जाडीवर येत नाही, चिपा एकमेकींना सोडून देतात. तिच्यावर नवं लॅमिनेट चिकटवणं म्हणजे पैसे पाण्यात.

बुधवार

ट्रॉल्यांच्या दुकानातला माणूस बघून गेला. त्याचं म्हणणं, ओटाच उचकटू, ग्रॅनाइट जुना झालाय, क्वार्ट्झ टाकू, खाली नवं मॉड्युलर करू. आकडा ऐकून हे गप्प बसले.

मला ते पटलं नाही, आणि फक्त पैशासाठी नाही. क्वार्ट्झच्या पाटीत दगडाच्या भुकटीबरोबर राळ, म्हणजे रेझिन असते. आमच्याकडे रोज भाकरी होते. तापलेला तवा शेगडीवरून उतरला की सरळ ओट्यावर येतो. राळेला तो सोसत नाही, डाग पडतो, कधी तडाही जातो. ग्रॅनाइटचं तसं नाही. आमच्या ग्रॅनाइटला ना तडा आहे ना खड्डा. सिंकच्या कडेला चार बोटं काळपट ओल दिसते तेवढीच. ती तेलाची आहे की पाण्याची, हे आधी कळायला हवं. पाण्याची असेल तर वाळल्यावर जाते.

आई संध्याकाळी जपाची माळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "दगडाला हात लावू नका. दगडानं काय केलंय?"

आईंचा दगडावर विश्वास आहे, आणि त्याला कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमचा गावभागातला तळमजला बुडाला. पाणी उतरल्यावर गेलो तर गल्लीभर फुगलेली कपाटं, पलंग, दारं रस्त्यावर टाकलेली. स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं तर गाळ आणि तो वास. पण ओटा जागच्या जागी. वर कडाप्पा, खाली विटांचे खांब आणि कडाप्प्याचेच कप्पे. पाइप लावून गाळ काढला, ब्लीचिंग पावडरनं धुतलं, फरशा वाळू दिल्या आणि आईंनी त्याच ओट्यावर शेगडी ठेवून पहिला चहा केला. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, पुन्हा तेच. घर आम्ही सोडलं, ओट्यानं आम्हाला सोडलं नव्हतं.

नदीत बुडालेला ओटा टिकला आणि इथे नदीपासून लांब, थेंब थेंब पाण्यानं कपाट गेलं. यावर मी दिवसभर विचार करतेय.

गुरुवार

आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं, मग कुणाला बोलवायचं, असं ठरवलं. कपाटाचा तळ पुसून पंखा लावून वाळवला. सिंकच्या खालच्या सांध्याला सगळीकडून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या आणि तळाला कोरडी रांगोळी पसरली. रांगोळीवर एक थेंब पडला तरी ठिपका दिसतो.

मग एकेक वाट तपासली. जाळीला बूच लावून सिंक भरून ठेवलं, तासाभरानं पाहिलं, कोरडं. म्हणजे सिंकच्या जाळीखालचं कपलिंग ठीक. बूच काढून पाणी एकदम सोडलं, तेव्हाही पाइप आणि ट्रॅप, म्हणजे पाइपात पाणी साचून राहतं तो भाग, कोरडे. फिल्टरला जाणारा नळ कापसानं पुसून पाहिला, कोरडा. शेवटी ओट्यावरच, सिंकच्या कडेनं तांब्याभर पाणी ओतलं. उजव्या कोपऱ्यातली पट्टी लगेच भिजली आणि थेंब दगडाच्या पोटाला धरून मागे मागे सरकत थेट फळीवर गेला.

हे बघताना खरंच अंगावर काटा आला. पाणी सरळ खाली पडत नाही. ते दगडाच्या खालच्या बाजूला चिकटून चालतं आणि पहिलं लाकूड भेटलं की त्यात शिरतं. आमचं सिंक ग्रॅनाइटला खालून लावलेलं आहे. मधला सांधा सिलिकॉनवर उभा, आणि ते सिलिकॉन कोपऱ्यात सुटलंय. भांडी घासताना रोज सांडणारं पाणी तिथूनच जात होतं. मागच्या बाजूला, ओटा आणि भिंतीच्या टाइल्सच्या मधलं व्हाइट सिमेंटही भेगाळलंय. तिथे भांड्यांचा स्टँड असतो, म्हणजे तीही एक वाट.

शुक्रवार

गवंडी आले. गावभागातल्या घराचं काम त्यांनीच केलेलं, त्यामुळे फार सांगावं लागलं नाही. ओट्यावर बोटाची पेरं आपटून कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "वहिनी, वरचा दगड हलवू नगा. त्यो चांगला हाय. उचलताना सिंकच्या कोपऱ्यातनं मोडतोय बघा, तिथं नुस्ती चार बोटांची पट्टी असतीया."

हे मला ठाऊक नव्हतं. सिंकसाठी कापलेल्या दगडाला पुढे-मागे अरुंद पट्ट्याच राहतात. बसलेला असतो तोवर मजबूत, उचकटताना तिथेच तुटतो.

ठरलं ते असं. ग्रॅनाइट राहणार. बाकीच्या ट्रॉल्या कोरड्या आहेत, त्याही राहणार. सिंकखालचं कपाट पूर्ण काढायचं, आणि त्या जागी कडाप्प्याच्या उभ्या पट्ट्या आणि जमिनीपासून वर उचललेला कडाप्प्याचा तळ. झडपा अॅल्युमिनियमच्या चौकटीच्या, खाली-वर हवा जाईल अशा. हे म्हणाले, मरीन प्लाय घालूया का? चांगली ७१० नंबरची प्लाय उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरलेली असते, हे खरं. पण तिचीही कापलेली कड उघडी राहिली, बिजागरीची भोकं मोकळी राहिली की पाणी शिरतं. जिथे रोज ओल असणार तिथे मला लाकूडच नको.

कडाप्प्याचंही एक पथ्य आहे. तो चुनखडीचा दगड, आंबट त्याला चालत नाही. लिंबू, व्हिनेगर, संडासाचं अॅसिड सांडलं की चकाकी जाऊन पांढरट डाग उठतो. म्हणून दुकानातून सिलिकॉन आणताना मी दोनदा वाचून घेतलं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन अॅसिड सोडत वाळतं, ते या दगडाजवळ नको. न्यूट्रल लिहिलेलंच आणलं.

रविवार

कडाप्पा बसला. सिंकच्या सांध्यातलं जुनं सिलिकॉन ब्लेडनं खरवडलं. आतून काळी बुरशी निघाली. स्पिरिटनं पुसलं आणि सांधा उघडा ठेवून दिला. गवंडी म्हणाले, लगेच भरलं तर ओल आत कोंडेल आणि आठवड्यात पुन्हा सुटेल. तोवर भांडी बाथरूममध्ये घासली. आईंनी कुरकुर केली नाही, उलट पाटावर बसून विसळायला मदत केली. ग्रॅनाइटवरची काळपट ओल फिकी होत होत गेली. म्हणजे पाणीच होतं.

आज सकाळी नवं सिलिकॉन भरलं, मागच्या सांध्यात इपॉक्सी. उद्या सकाळपर्यंत सिंकमध्ये पाणी नाही. गवंड्यांनी जाण्याआधी ओट्याच्या पुढच्या कडेला, खालच्या बाजूनं कटरनं एक बारीक लांब खाच मारली. दगडाला धरून मागे जाणारा थेंब त्या खाचेशी अडतो आणि तिथेच खाली पडतो, झडपेपर्यंत पोचत नाही. इतकं साधं काम ओटा बसवतानाच सगळीकडे का करत नाहीत? शेजारच्या काकूंनाही नेऊन दाखवलं. त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात ओट्याचं काम निघतंय.

सुतार उद्या झडपांचं माप घ्यायला येणार आहे. त्याला सांगायचं: जमिनीपासून चार बोटं मोकळी सोड, आणि बिजागऱ्या स्टीलच्या लाव.