ग्रँड कॅन्यनच्या वेशीवरचा विनामूल्य मुक्काम : कायबॅब नॅशनल फॉरेस्टचा प्रवासवृत्तांत

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर मुक्काम करू इच्छिणाऱ्यांपुढे एक अडचण हमखास उभी राहते. पार्कमधील मॅदर कॅम्पग्राउंडचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि हंगामातील शनिवार-रविवारच्या जागा बघता बघता संपतात. पार्कच्या दारातील टुसायन या छोट्या गावातील हॉटेलांचे दर मात्र सहकुटुंब जाणाऱ्याला दोनदा विचार करायला लावतात. पार्कची हद्द संपते तेथूनच कायबॅब नॅशनल फॉरेस्ट सुरू होते आणि या जंगलात ठरवून दिलेल्या रस्त्यांच्या कडेला कोणतेही शुल्क न भरता, आरक्षणाशिवाय तंबू ठोकता येतो, हे आपल्याकडील अनेक मंडळींना अमेरिकेत बरीच वर्षे राहूनही ठाऊक नसते. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही फीनिक्सहून दोन कुटुंबे मिळून तेथे राहून आलो. मागाहून जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहे.

प्रथम एक फरक ध्यानात घ्यावा. नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट या दोन निरनिराळ्या व्यवस्था आहेत. पार्क अंतर्गत व्यवहार खात्याच्या (डिपार्टमेंट ऑफ द इंटीरियर) अखत्यारीत येतात, तर नॅशनल फॉरेस्टचा कारभार १९०५ साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे, म्हणजे कृषिखात्याकडे आहे. देशभरातील १५४ नॅशनल फॉरेस्ट आणि गवताळ राखीव प्रदेश मिळून सुमारे १९ कोटी ३० लाख एकर जमीन या खात्याकडे असून तिच्या बहुतांश भागात अशा मोकळ्या मुक्कामाला परवानगी असते. पार्कमध्ये मात्र कॅम्पग्राउंडबाहेर रस्त्याकडेला तंबू लावणे किंवा गाडीत झोपणे हा गुन्हा ठरतो. त्यामुळे दोघांमधली सीमा नेमकी कोठे आहे हे नकाशावर पाहूनच जागा निवडावी.

फीनिक्सहून फ्लॅगस्टाफ आणि तेथून १८० क्रमांकाच्या महामार्गाने व्हॅलेमार्गे टुसायन हा सुमारे साडेतीन ते चार तासांचा प्रवास आहे. फ्लॅगस्टाफ सोडताच उजव्या हाताला सॅन फ्रान्सिस्को पीक्सची रांग सोबत करते. तिच्यातील हम्फ्रीज पीक हे १२,६३३ फुटांचे शिखर ॲरिझोनातील सर्वांत उंच आहे. पाणी, बर्फ आणि किराणा फ्लॅगस्टाफलाच भरून घ्यावा, कारण टुसायनला सर्व काही मिळत असले तरी भाव चढे असतात. पेट्रोलही टुसायनला पुन्हा भरून घेतलेले बरे. पार्कमधील ग्रँड कॅन्यन व्हिलेज या वस्तीत पेट्रोल पंप नाही.

टुसायनच्या दक्षिण टोकाला महामार्गावरून पूर्वेकडे ३०२ क्रमांकाचा वनरस्ता फुटतो. आमचा मुक्काम याच रस्त्यावर होता. सुरुवातीचे दोन-तीन मैल गर्दीचे असतात. मोठमोठे ट्रेलर, जनरेटरचा आवाज आणि गावाची जवळीक यांमुळे बहुतेक लोक तेथेच थांबतात. थोडा धीर धरून पुढे गेल्यास रस्ता तसाच खडीचा राहतो, परंतु दोन तंबूंमधले अंतर वाढत जाते आणि उंच पाँडेरोसा पाइनची दाट झाडी सुरू होते. हाच रस्ता पुढे ग्रँडव्ह्यू लुकआउट टॉवरपर्यंत जातो. १९३६ साली बांधलेला हा ८० फुटी लोखंडी मनोरा वणव्यांवर नजर ठेवण्यासाठी उभारला होता. मनोऱ्याजवळूनच ॲरिझोना ट्रेल ही लांब पायवाट जाते. पार्कच्या आतल्या डेझर्ट व्ह्यू रस्त्यावरूनही ३१० क्रमांकाच्या वनरस्त्याने तेथे पोहोचता येते, आणि ज्यांना सूर्योदयाला कड्यावर असायचे आहे त्यांना ही बाजू अधिक सोयीची आहे.

या साऱ्या बेतात सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसचा मोटार वाहन वापर नकाशा. हा नकाशा विनामूल्य असतो, खात्याच्या कार्यालयात छापील मिळतो आणि अव्हेन्झा मॅप्स या ॲपवर आधी उतरवून ठेवल्यास रेंज नसतानाही आपण नेमके कोठे आहोत ते दाखवतो. दिसायला तो अगदी रुक्ष आहे. त्यात ना डोंगर दिसतात ना झाडी. परंतु कोणत्या रस्त्यावर गाडी नेण्यास मुभा आहे आणि कोठे मुक्काम करता येतो याचा कायदेशीर आधार तोच आहे. ज्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके छापलेले असतात, तेथे रस्त्यापासून ३०० फुटांपर्यंत मुक्कामासाठी गाडी आत नेता येते. ठिपके नसलेल्या रस्त्यावर गाडी रस्त्याच्या कडेपासून साधारण ३० फुटांच्या आतच उभी करावी लागते. तेथून सामान उचलून पायी आत जाऊन तंबू लावायला हरकत नसते. गूगलच्या नकाशात ठळक दिसणारे कित्येक कच्चे रस्ते या नकाशात मुळीच नाहीत, म्हणजेच ते वाहनांना बंद आहेत.

रस्ता आपल्या गाडीला झेपेल की नाही हे ओळखण्याची एक सोपी खूण तेथेच असते. फाट्यावर रोवलेल्या खांबावर वनरस्त्याचा क्रमांक आडवा लिहिलेला असेल तर तो रस्ता साध्या मोटारीसाठी राखलेला आहे असे समजावे. क्रमांकाचे आकडे एकाखाली एक उभे लिहिलेले असतील तर तो साध्या मोटारीसाठी राखलेला नाही. जमिनीपासून उंच असलेली गाडी नसल्यास तिकडे वळूच नये. आमच्यापैकी एका कुटुंबाची गाडी साधी सेडान होती आणि ३०२ वर कोरड्या हवेत ती विनासायास आली. पाऊस पडल्यावर मात्र येथील माती चिकण होऊन चाकांना लगदाच्या लगदा चिकटतो, तेव्हा जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच्या मान्सूनच्या दिवसांत खडीचा मुख्य रस्ता सोडून आडबाजूला शिरणे टाळावे. भाड्याच्या गाडीने जाणाऱ्यांनी करारातले कच्च्या रस्त्यांविषयीचे कलम आधी वाचावे. बहुतेक करारांत त्याला मनाई असते.

जागा दिवसाउजेडी शोधावी, निदान सूर्यास्तापूर्वी दोन तास तरी हाताशी असावेत. आधी कोणीतरी राहून गेलेली, दगडांची चूल रचलेली आणि जमीन दबलेली जागाच निवडावी, म्हणजे नव्या ठिकाणचे गवत आणि रोपे तुडवली जात नाहीत. तंबू लावण्यापूर्वी वर मान करून पाहावे : वाळलेले झाड किंवा अडकलेली मोठी फांदी डोक्यावर असेल तर जागा कितीही सुंदर असली तरी सोडावी. ओघळीच्या तोंडाशी राहू नये. गुरांसाठी बांधलेल्या मातीच्या तळ्यांपासून आणि पाणवठ्यांपासून पाव मैल दूर राहावे. हा नुसता शिष्टाचार नाही, ॲरिझोना राज्याचा कायदा आहे, आणि त्यामागचे कारण अगदी रास्त आहे : या कोरड्या पठारावर मैलोन्मैल एकच पाणवठा असतो, आणि माणूस शेजारी बसला की एल्क (सांबरासारखे मोठे जनावर) आणि हरणे रात्रभर पाण्याला येत नाहीत. एका जागी राहण्याची मुदत ३० दिवसांत १४ दिवस आहे.

आम्हाला मिळालेली जागा एका लहान फाट्यावर, जुन्या पाइनांच्या कुशीत होती. पाँडेरोसाचे खोड वय वाढले की काळपट रंग टाकून केशरी-पिवळे होते, आणि दुपारच्या उन्हाने तापलेल्या सालीच्या भेगेशी नाक नेले की व्हॅनिलाचा स्पष्ट गंध येतो. मुलांनी संध्याकाळपर्यंत सगळी झाडे हुंगून काढली. सप्टेंबर हा एल्कच्या माजाचा काळ असल्याने रात्री नरांच्या शिट्टीसारख्या लांब आरोळ्या दोन्ही बाजूंनी ऐकू येत होत्या. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो, म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवावे. हे जनावर घोड्याएवढे मोठे असते. अंधारात वनरस्त्यावरून आणि महामार्गावरूनही गाडी अगदी सावकाश चालवावी. शरद ऋतूत शिकारीचा परवानाधारक हंगामही चालू असतो, तेव्हा जंगलात फिरताना भडक नारिंगी रंगाचे काहीतरी अंगावर असावे.

येथे पाण्याचा नळ नाही, शौचालय नाही, कचराकुंडी नाही. माणशी दररोज किमान एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी धरावे, आणि शेकोटी विझवण्याचे पाणी त्याहून वेगळे ठेवावे. शौचासाठी पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून २०० फूट दूर जाऊन सहा ते आठ इंच खोल खड्डा खणावा व नंतर तो नीट बुजवावा. जमीन चुनखडीची आणि खडकाळ असल्यामुळे प्लास्टिकचे खुरपे मोडते, धातूचे न्यावे. वापरलेला कागद पुरू नये, पिशवीत बंद करून परत आणावा. जनावरे तो उकरून काढतात आणि त्या कोरड्या हवेत तो लवकर कुजतही नाही. आमच्या शेजारच्या झुडपामागे असे पांढरे कागद विखुरलेले होते आणि ते उचलताना मनापासून वाईट वाटले. सोबत वृद्ध आई-वडील असतील तर झाकणाची बादली, पिशव्या आणि लहान उभा तंबू असे घडीचे शौचालय घेऊन जावे, म्हणजे त्यांची कुचंबणा होत नाही. अंघोळ व कपडे धुण्याची सोय पार्कमध्ये मॅदर कॅम्पग्राउंडजवळच्या कॅम्पर सर्व्हिसेसमध्ये पैसे भरून होते. पार्कचे प्रवेशशुल्क मात्र वेगळे भरावे लागते. आपला मुक्काम विनामूल्य आहे म्हणून कड्यावरचा प्रवेश विनामूल्य होत नाही.

स्वयंपाकाबद्दल आपल्या माणसांना एक खास सूचना. हे पठार कळसूबाईहून सुमारे दीड हजार फुटांनी उंच आहे आणि येथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला फार वेळ लागतो. तीन लिटरचा छोटा कुकर नेल्यास मुगाची खिचडी वीस मिनिटांत होते आणि गॅसही कमी लागतो. भाजणी घरून नेली होती, त्यामुळे सकाळी थालीपिठे झाली. जेवण झाल्यावर सगळे खाद्यपदार्थ आणि कचरा गाडीत बंद करून ठेवावा. या भागात अस्वल क्वचितच दिसते, परंतु डोमकावळे आणि उंदीर एका रात्रीत पिशव्या फाडतात. खरकटे गाळून कचऱ्यात घ्यावे आणि भांड्यांचे पाणी लांब पसरून टाकावे. दिवसा उकाडा असला तरी सप्टेंबरअखेर पहाटे तापमान गोठणबिंदूजवळ उतरते, तेव्हा पातळ रजया नेऊन भागत नाही. शून्य अंश सेल्सिअसला पुरणारी स्लीपिंग बॅग आणि तिच्याखाली जाड मॅट हवीच.

आता शेकोटीविषयी. निघण्याच्या दिवशीच फॉरेस्टच्या संकेतस्थळावर आगीवरील निर्बंध पाहावेत किंवा कार्यालयात फोन करावा. निर्बंधांचा पहिला टप्पा लागू झाला की अशा मोकळ्या मुक्कामाच्या ठिकाणी लाकडाची किंवा कोळशाची आग पेटवता येत नाही. बंद करण्याची कळ असलेली गॅसची शेगडी मात्र चालते. आम्ही गेलो तेव्हा निर्बंध नव्हते, तरीही वारा पडल्यावरच जुन्या चुलीत लहानशी शेकोटी केली आणि जमिनीवर पडलेल्या मनगटाएवढ्या वाळक्या काटक्याच वापरल्या. झोपण्यापूर्वी अर्धा तास लाकूड घालणे थांबवले. मग निखाऱ्यांवर पाणी ओतले, फावड्याने राख खालीवर केली, पुन्हा पाणी ओतले, आणि असे करत राखेचा चिखल झाल्यावर हाताची मागची बाजू आधी वर धरून आणि मग राखेत घालून पाहिली. एका मोठ्या दगडाखाली बोटांना अजून धग लागत होती, तो उलटून त्याच्याखालीही पाणी घातले. या सगळ्याला पाच गॅलनचा कॅन जवळजवळ पुरा लागला. नुसती माती लोटून आग विझत नाही. मातीखाली निखारे तासन्तास जिवंत राहतात आणि सकाळच्या वाऱ्याने पुन्हा फुलतात.

परतीला आम्ही डेझर्ट व्ह्यूवरून कॅमरन आणि तेथून ८९ क्रमांकाच्या महामार्गाने फ्लॅगस्टाफला आलो. कॅमरन नवाहो नेशनमध्ये, म्हणजे नवाहो या मूळनिवासी लोकांच्या स्वायत्त प्रदेशात येते. तेथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असते आणि उर्वरित ॲरिझोनात नसते, त्यामुळे फोनवर विसंबून विमानाची किंवा जेवणाची वेळ ठरवू नये. फ्लॅगस्टाफ जवळ आले की उजवीकडे पीक्सच्या पूर्व उतारावर जळलेल्या जंगलाचा मोठा पट्टा दिसतो. जून २०१० मध्ये कोणीतरी न विझवता सोडून दिलेल्या शेकोटीतून येथे शुल्ट्झ वणवा पेटला आणि सुमारे १५,००० एकर जंगल जळाले. पुढच्याच महिन्यात पाऊस आला तेव्हा झाडोरा नसलेल्या उतारांवरून पुराचे लोट खालच्या वस्तीत शिरले आणि त्यात एका १२ वर्षांच्या मुलीचा जीव गेला. २०११ मध्ये ॲरिझोनाच्या पूर्वेला झालेला वॉलो वणवाही शेकोटीतूनच सुरू झाला होता. शेजारच्या न्यू मेक्सिकोतील भाग धरून तो ५,३८,००० एकरांवर पसरला. मुले सोबत असतील तर याच रस्त्याने परतावे आणि तो उतार त्यांना अवश्य दाखवावा.

हंगामाची निवड करताना मे आणि जून हे सर्वांत कोरडे महिने असून त्या काळात आगीवर बंदी येण्याचा संभव मोठा असतो हे लक्षात ठेवावे. शेकोटीशिवाय चालणार असेल तर मे महिन्याची हवा सुखाची आहे. हिवाळ्यात बर्फ आणि चिखल यांमुळे वनरस्ते भरवशाचे राहत नाहीत. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो, आणि शक्य असेल तर शुक्रवारी दुपारऐवजी गुरुवारी पोहोचावे, म्हणजे ३०२ वरच्या चांगल्या जागा रिकाम्या मिळतात.