मस्कत ते आर्वी : मुंबईतले अडीच तास

आमच्या गावातून आखातात गेलेला माणूस परत येणार असला, की नागपूरला गाडी कोण नेणार हे घरी सगळ्यात आधी ठरते. आर्वी तालुक्यातले आमचे गाव नागपूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. मस्कत ते मुंबई, मुंबई ते नागपूर आणि नागपूर ते गाव अशा तीन टप्प्यांपैकी मधला टप्पा निसटला, तर नागपूरच्या सोनेगाव विमानतळाबाहेर ताटकळत उभा राहणारा माणूस आपल्याच घरचा असतो. मी मस्कतमध्ये आठ वर्षे नोकरी केली, आता गावी शेती करतो, आणि धाकटा भाऊ अजून तिकडेच आहे. या काळात मुंबईत परदेशातून आलेल्या विमानातून उतरून नागपूरचे विमान गाठण्याची वेळ माझ्यावर पुष्कळदा आली. त्यातले दोन प्रसंग तपशिलाने लिहितो, कारण आमच्या तालुक्यातली बरीच मुले आता बाहेर जाऊ लागली आहेत आणि त्यांची तिकिटे पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो.

२०१९ च्या मार्चमध्ये माझे मोठे काका गेले. अंत्यविधीला पोहोचणे शक्यच नव्हते, निदान तेरवीला तरी आपण घरी असावे म्हणून मी घाईघाईने तिकिटे काढली. मस्कत-मुंबई एका कंपनीचे आणि मुंबई-नागपूर दुसऱ्या कंपनीचे, अशी ती दोन स्वतंत्र तिकिटे होती, कारण तसे केल्याने साडेतीन हजार रुपये वाचत होते. मध्ये सव्वादोन तासांचे अंतर होते आणि मला ते भरपूर वाटले. मस्कतचे विमान उतरले टर्मिनल दोनवर, म्हणजे सहारच्या बाजूला, आणि नागपूरचे विमान सुटणार होते टर्मिनल एकवरून, म्हणजे सांताक्रूझच्या बाजूने. नाव एकाच विमानतळाचे असले तरी या दोन इमारतींमध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटरचे अंतर आहे, आणि दोन वेगळी तिकिटे असली तर सामान घेऊन बाहेर पडल्याशिवाय एकीतून दुसरीत जाता येत नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी पट्ट्यापाशी बॅगेची वाट पाहताना शेजारच्या माणसाने सांगितली.

बॅग आली तेव्हा नागपूरच्या विमानाला सत्तर मिनिटे उरली होती. देशांतर्गत विमानाचा सामान घेण्याचा काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या ६० मिनिटे आधी बंद होतो. टॅक्सीने मी टर्मिनल एकला पोहोचलो तेव्हा माझे विमान तिथेच उभे होते, त्याला उडायला अजून पाऊण तास होता, पण काउंटरवरच्या मुलीने मान हलवली. तिची काहीच चूक नव्हती. माझे पहिले विमान उशिरा उतरले याच्याशी दुसऱ्या कंपनीचा संबंध नव्हता, आणि तिच्या लेखी मी वेळेवर न आलेला प्रवासी होतो. तिकिटाचे पैसे बुडाले. संध्याकाळच्या विमानाचे नवे तिकीट साडेनऊ हजारांना पडले, आणि २८ किलोंच्या बॅगेतले १५ किलोंच्या वरचे वजन वेगळे भरावे लागले, कारण मस्कतच्या तिकिटावरची ३० किलोंची सवलत या तिकिटाला लागू नव्हती. त्या वेळच्या भावाने ते सारे मिळून दोन क्विंटलांहून जास्त कापसाचे पैसे झाले. माझ्या फोनमध्ये भारतातले सिमकार्ड नव्हते, त्यामुळे चुलतभावाला कळवायला दोन तास लागले, आणि तोपर्यंत तो पहाटे निघून, कोंढाळीमार्गे नागपूरला येऊन, विमानतळाच्या दारात उभा होता. रात्री अकराला मी घरी पोहोचलो तेव्हा शेवटची पंगत केव्हाच उठली होती. काकूने माझ्यासाठी पान झाकून ठेवले होते. त्या पानावर मी जेवलो, पण ज्या वेळी तिथे असायला हवे होते ती वेळ निघून गेली होती, आणि ते अजूनही मला सलते.

तेव्हापासून मी दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असल्याशिवाय तिकीट काढत नाही. एका पीएनआरचा अर्थ असा की मस्कत ते नागपूर हा सगळा प्रवास एकच करार आहे. पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे हुकले, तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीची असते. सामानाच्या वजनाची मर्यादाही सगळीकडे एकच लागू होते. शिवाय प्रत्येक विमानतळासाठी किमान कनेक्शनची वेळ ठरलेली असते आणि तिच्यापेक्षा कमी अंतराची दोन विमाने कंपन्या एका तिकिटात जोडत नाहीत. दोन वेगळी तिकिटे आपण स्वतः काढतो तेव्हा हे राखण कोणीच करत नाही, दीड तासाच्या अंतरानेही ती काढता येतात. तालुक्याच्या ठिकाणचे काही एजंट दोन वेगळी तिकिटे एकाच कागदावर छापून देतात, म्हणून हातात आलेल्या कागदावर पीएनआर एक आहे की दोन, हे प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. दोन तिकिटे काढण्यावाचून गत्यंतर नसेल, तर मध्ये किमान पाच तास असू द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईत बसून काढलेले तीन तास हुकलेल्या विमानापेक्षा केव्हाही स्वस्त पडतात.

आता आणखी एक काळजी वाढली आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने सुटू लागली आहेत. तिकिटावर शहराचे नाव पाहून भागत नाही, त्यापुढचे तीन अक्षरांचे चिन्ह पाहावे लागते : बीओएम म्हणजे जुना विमानतळ आणि एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा. सहारला उतरून उलव्याचे, म्हणजे नवी मुंबईचे, विमान गाठायचे म्हणजे अख्खे मुंबई शहर आणि खाडी ओलांडणे आले, आणि त्याला कनेक्शन म्हणण्यात काही अर्थ नाही. आमच्या जवळचे अमरावतीचे बेलोरा विमानतळही एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाले आहे, परंतु तिथल्या विमानांचे दिवस आणि वेळा मोजक्या असल्याने पहाटे मुंबईत उतरणाऱ्याला अजून तरी नागपूरच सोयीचे पडते.

दुसरा प्रसंग यंदाच्या जानेवारीतला आहे. भावाला मुलगी झाली म्हणून मी आईला घेऊन मस्कतला गेलो होतो. परतीचे तिकीट एकाच पीएनआरवर, दोन्ही विमाने टर्मिनल दोनवरची, मुंबईत उतरण्याची वेळ पहाटे ५:१० आणि नागपूरच्या उड्डाणाची ७:४०. आईचे गुडघे दुखतात, म्हणून व्हीलचेअरची मागणी तीन दिवस आधीच नोंदवून ठेवली होती. मस्कतच्या काउंटरवर दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास मागून घेतले आणि बॅगांना चिकटवलेल्या कागदी पट्ट्यांवर नागपूरचे चिन्ह आहे ना, ते वाचून पाहिले. विमानात बसल्याबरोबर मनगटावरचे घड्याळ दीड तास पुढे केले. मस्कतच्या वेळेवर राहिलेले घड्याळ पाहून माणूस मुंबईत निवांत चहा पीत बसतो, असे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेक जण इथेच फसतात. बॅगेवर नागपूरचा पट्टा असला तरी ती बॅग आपोआप नागपूरला जात नाही. परदेशातून आल्यावर भारतात ज्या विमानतळावर पहिले पाऊल पडते, तिथेच इमिग्रेशन आणि कस्टम्स दोन्ही व्हावे लागते. मुंबई-नागपूर हा देशातला प्रवास असल्यामुळे नागपूरला त्या विमानाच्या सामानाची कस्टम्स तपासणी होत नाही. म्हणून बॅग मुंबईच्या पट्ट्यावरून स्वतः उचलायची, कस्टम्समधून न्यायची आणि बाहेर पडण्याआधी असलेल्या ट्रान्सफर काउंटरवर पुन्हा सोपवायची. मस्कतला कर्मचाऱ्याने ‘थेट नागपूर’ असे सांगितले म्हणून बॅग न घेताच पुढे गेलेला आमच्याकडचा एक मुलगा चार दिवस बिनकपड्यांचा राहिला होता.

विमान ५:२८ ला टेकले, दार ५:४२ ला उघडले. उतरण्याच्या तासभर आधी मी हवाई सेविकेला नागपूरच्या कनेक्शनबद्दल सांगून ठेवले होते, म्हणून आम्हाला पुढच्या रिकाम्या जागांवर आणून बसवले होते. दारातच व्हीलचेअर घेऊन एक तरुण उभा होता. लांबच लांब गालिच्यावरून तो जवळजवळ धावत होता आणि मी मागे पिशवी सांभाळत होतो. भिंतींवर जुनी कोरीव कामे लावलेली आहेत, ती पाहत आई म्हणाली, “बाबू, एवढी घाई कायले करून राह्यला? इमान का आपल्याले सोडून जाते?” मी तिला म्हटले, “जाते माय, एकदा गेलं होतं.” त्यावर ती एकदम गप्प झाली, कारण काकांच्या तेरवीचा तो दिवस तिलाही आठवला असावा.

इमिग्रेशनला व्हीलचेअरची रांग वेगळी असल्यामुळे आम्ही ६:०५ ला मोकळे झालो. शेजारच्या मोठ्या रांगेत निदान दोनशे माणसे होती. वारंवार ये-जा करणाऱ्यांसाठी गृह मंत्रालयाने २०२४ मध्ये दिल्लीत फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची योजना सुरू केली आणि जानेवारी २०२५ पासून ती मुंबईतही आहे; आधी ऑनलाइन अर्ज करून बोटांचे ठसे वगैरे दिले, की स्वयंचलित दारांतून जाता येते. भावाला मी त्यासाठी अर्ज करायला लावले आहे.

खरा वेळ गेला तो पट्ट्यापाशी. पहिली बॅग ६:१२ लाच आली. दुसऱ्या बॅगेच्या मुठीला आईने तिच्या जुन्या लुगड्याचा लाल काठ तिपेडी गाठ मारून बांधला होता, आणि ती काही दिसेना. काळ्या बॅगांमागून काळ्या बॅगा येत होत्या, त्याच-त्याच खोक्यांच्या चार फेऱ्या झाल्या, पट्टा मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. नागपूरचे विमान ७:४० चे, म्हणजे ६:४० नंतर बॅग कोणी घेणार नव्हते. व्हीलचेअरवाल्या मुलाने माझा चेहरा पाहिला आणि ट्रान्सफर काउंटरवर फोन करून सांगितले, की नागपूरचे दोन प्रवासी येत आहेत, एक वयस्कर बाई आहेत, थांबा. बारामतीकडचा तो मुलगा होता. त्याने तो फोन आपण होऊन केला, हे मी कधी विसरणार नाही. ६:३१ ला पडद्याच्या पट्ट्यांमधून आधी तो लाल काठ बाहेर आला आणि मग बॅग आली. खजुराच्या डब्याने तिचा एक कोपरा फुगला होता.

कस्टम्सला जाहीर करण्यासारखे काही नव्हते, म्हणून हिरव्या मार्गाने गेलो. एक्स-रेमधून सामान काढून दोन मिनिटांत बाहेर. ६:३७ ला दोन्ही बॅगा काउंटरवर ठेवल्या. तिथे एकच प्रश्न विचारला गेला, की आत पॉवर बँक आहे का. पॉवर बँक नेहमी हातातल्या सामानातच ठेवावी लागते आणि ती मोठ्या बॅगेत सापडली तर बॅग परत बोलावतात. अशा घाईत ते परवडत नाही. आमची माझ्या खिशात होती. पुढची सुरक्षा तपासणी नेहमीसारखीच झाली आणि ७:०८ ला आम्ही गेटवर होतो. गेट बंद व्हायला बाराच मिनिटे होती.

गेटवरून मी पहिला फोन चुलतभावाला केला. २०१९ नंतर आम्ही घरी असे ठरवले आहे, की गेटवर पोहोचल्याचा फोन आल्याशिवाय गाडी काढायची नाही. मुंबईहून नागपूरला विमानाला दीड तास लागतो, शिवाय उडायला आणि बॅगा यायला वेळ जातो, आणि समृद्धी महामार्ग झाल्यापासून गावाहून विरुळमार्गे नागपूरला पोहोचायला त्यापेक्षा जास्त वेळ लागत नाही. फोन लावला तेव्हा तो गोठ्यात होता, मागे म्हशीचा आवाज येत होता. “बसला का?” एवढेच त्याने विचारले. मी म्हटले, “बसतोच आहे, निघ आता.”

नागपूरला लाल काठाची बॅग या वेळी पहिल्या पाचांत आली. बाहेर आलो तेव्हा बोलेरो नुकतीच येऊन थांबत होती, आणि चुलतभावाने उतरून आधी आईच्या पायाला हात लावला आणि मग बॅगेला. आईने गाडीत बसल्यावर तो काठ सोडून घेतला आणि घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला. भाऊ मेमध्ये येणार आहे, तेव्हा त्याच्या बॅगेला बांधायला तो मस्कतला पाठवायचा आहे.