लेकीचा उन्हाळी कॅम्प आणि रकाना क्रमांक ७

आधीच सांगून टाकतो, कॅम्प चांगला झाला. लेक रडली नाही असं नाही, पण दहाच्या दहा दिवस गेली, आणि अकराव्या दिवशी सकाळी बूट घालून दारात उभी राहिली. कॅम्प संपला हे तिला पटवायला मला अर्धा तास लागला. तेव्हा माझी तक्रार कॅम्पबद्दल नाही. ती आहे त्याआधीच्या सहा आठवड्यांबद्दल, आणि ते सहा आठवडे एका रकान्यात गेले.

लेक आठ वर्षांची. सेन्सरी प्रोसेसिंगच्या अडचणी म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: आवाज, स्पर्श, हालचाल यांच्या संवेदना मेंदूला नीट हाताळता येत नाहीत. एकच प्रसंग सांगतो. सार्वजनिक स्वच्छतागृहाचं दार ती कोपराने ढकलते, कारण दोन्ही हात कानांवर असतात. आत हात वाळवायचं मशीन असतं. ते चालू नसतं, पण कोणीही येऊन चालू करू शकतं, एवढं तिला पुरतं. हीच मुलगी घरी सोफ्यावरून उशांच्या ढिगात दिवसाला चाळीस वेळा उडी मारते आणि टी-शर्टची कॉलर चावून चावून ओलीचिंब करते. "आवाजाला एवढी घाबरते आणि दांडगाई एवढी कशी करते?" हे आम्हाला आजवर झाडून सगळ्या नातेवाइकांनी विचारलंय. कानाला जास्त होतं आणि सांध्या-स्नायूंना कमी पडतं, असं त्याचं साधं उत्तर. ज्ञानेंद्रियं पाच असं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. तोल कळवणारी, हातपाय कुठे आहेत ते स्नायूंतून कळवणारी आणि भूक-तहान-लघवी कळवणारी अशा आणखी तीन संवेदना असतात, हे मला चाळिशीच्या तोंडावर ओटीच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (रोजची कामं जमावीत म्हणून थेरपी देणाऱ्या तज्ज्ञाच्या), खोलीबाहेरच्या बाकावर बसून कळलं.

कॅम्प आमच्या ओटी मॅडमनीच सुचवला. माहितीपत्रकाची पहिलीच ओळ होती, 'संवेदी अडचणी असलेल्या मुलांसाठी'. ही ओळ लक्षात ठेवा. फोन केला, जागा होती, फॉर्म आला. चौदा पानं. दुसऱ्या पानावर रकाना क्रमांक ७: 'निदान व कोड'. कोड म्हणजे आजारांच्या अधिकृत यादीतला त्या निदानाचा क्रमांक. मी लिहिलं, 'सेन्सरी प्रोसेसिंगच्या अडचणी', ओटीचा रिपोर्ट जोडला आणि पाठवून मोकळा झालो.

आठ दिवसांनी फॉर्म परत. 'निदान अपूर्ण.'

फोन केला. पलीकडच्या बाई आवाजाने अगदी गोड. "सर, कोड नाहीये ना."

"पण रिपोर्ट जोडलाय, वीस पानांचा आहे."

"रिपोर्ट ओटीचा आहे सर. निदान डॉक्टरांचं लागतं. सिस्टिम पुढेच जात नाही."

ठीक. मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रकाना वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे मी लिहू कसं?" आणि मग जे सांगितलं ते मला दोन वर्षांपूर्वीच कोणीतरी सांगायला हवं होतं. मानसिक आणि विकासात्मक विकारांसाठी डॉक्टर अमेरिकेचं जे डीएसएम वर्गीकरण वापरतात, त्याची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली. सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर स्वतंत्र निदान म्हणून त्यात घ्यावं असा बऱ्याच थेरपिस्टांचा आग्रह होता. घेतलं नाही. त्याच आवृत्तीत आवाज, स्पर्श, प्रकाश यांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या निकषांत मात्र आलं. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, २०१२ मध्ये, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने आपल्या डॉक्टरांना हे वेगळं निदान म्हणून लिहू नका असं सांगितलं होतं. अडचण खोटी आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. हा वेगळा आजार आहे की दुसऱ्या कशाचा भाग, हे ठरलेलं नाही, एवढंच.

थोडक्यात, लेकीची अडचण खरी, पण तिच्या नावाचा कप्पा नाही. ऑटिझमची तपासणी आम्ही रीतसर करून घेतली होती. त्यात ती बसत नाही.

हे सगळं मी फोनवर त्या बाईंना समजावून सांगितलं. वर्षांसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग सर, एडीएचडी लिहा ना. त्याला कोड आहे. बरेच जण लिहितात."

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता. खोटं कशाला बोलू, मी पेन उचललं होतं. तीन आठवडे गेले होते, जागा भरत चालल्या होत्या. बायकोने कागद काढून घेतला. "तिथल्या माणसांना वाटेल ही चंचल आहे," ती म्हणाली. "कान झाकून टेबलाखाली बसली तर म्हणतील लक्ष देत नाही." तिचंच बरोबर होतं. शिवाय असा कागद फायलीतून निघत नाही. पुढच्या वर्षी शाळेत कोणीतरी तोच समोर ठेवतं. तेव्हा कोणी कितीही गोड आवाजात सुचवलं तरी सोयीचं निदान लिहू नका.

चौथ्या आठवड्यात ओटी मॅडमनी सांगितलं की लहान बाळांसाठी एक वेगळं वर्गीकरण आहे, डीसी शून्य-ते-पाच नावाचं, २०१६ साली आलेलं, आणि त्यात संवेदन-प्रक्रियेचे विकार चक्क नाव देऊन आहेत. मी खुर्चीतून उठलोच. "पण ते नावाप्रमाणे पाच वर्षांपर्यंतच," त्या म्हणाल्या. म्हणजे आम्ही तीन वर्षं उशिरा पोचलो होतो.

पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनाच माझी दया आली. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी आहे, आयसीडी, तिच्या दहाव्या आवृत्तीत एफ-८८ असा एक कोड आहे, 'मानसिक विकासाचे इतर विकार'. कुठेच न बसणाऱ्यांची अडगळीची खोली म्हणा. त्यांनी तो लिहिला, खाली लेकीला नेमकं काय जमत नाही ते चार ओळींत लिहिलं, सही-शिक्का. फॉर्म गेला. चार दिवसांनी मेल: 'इतर म्हणजे कोणता, कृपया स्पष्ट करावे.'

त्या रात्री मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन लावला तेव्हा आवाज चढवायचं ठरवूनच लावला होता, पण तोंडातून वेगळंच वाक्य निघालं: "मला कॅम्पच्या थेरपिस्टशी पाच मिनिटं बोलायचंय." ऑफिसशी नाही, थेरपिस्टशी. सहा आठवड्यांत हे एकदाही सुचलं नव्हतं! त्यांनी जोडून दिला. त्या मॅडम म्हणाल्या, "रकाना ७? तो विम्याच्या कागदांसाठी आहे, मी कधी बघतही नाही. 'निश्चित निदान नाही, कार्यात्मक अडचणी जोडपत्रात' असं लिहा, मी ऑफिसला सांगते. पण तुमचं अकरावं पान जवळजवळ कोरं का आहे?"

अकराव्या पानावर प्रश्न होता: 'मूल कशाने बिथरतं आणि कशाने शांत होतं?' मी तिथे दीड ओळ खरडली होती. रिपोर्ट जोडला होता ना, वीस पानांचा! "तुमचा रिपोर्ट मी वाचीन," त्या म्हणाल्या, "पण मैदानावरची मुलं वाचणार नाहीत. त्यांना एक पान द्या." मुलं म्हणजे स्वयंसेवक. प्रवेश त्याच आठवड्यात झाला.

ते एक पान लिहायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या, आणि हा अख्खा खटाटोप ज्यांना वाचायचा नसेल त्यांनी एवढंच करा. आम्ही लिहिलं, 'बिथरण्याआधी पाचेक मिनिटं ती बाही ओढून मुठीवर घेते. तेव्हा प्रश्न विचारू नका, काहीतरी जड उचलायला द्या.' 'मागून हळूच हात लावू नका. समोर येऊन, सांगून, खांद्यावर घट्ट दाब दिला तर चालतो.' हलका स्पर्श तिला घट्ट स्पर्शापेक्षा जास्त बोचतो, हे नव्या माणसाला उलटंच वाटतं, म्हणून मुद्दाम लिहावं लागतं. 'लघवी लागल्याचं तिला उशिरा कळतं, दर दीड तासाने विचारा. मशीन नसलेलं स्वच्छतागृह कोणतं ते पहिल्या दिवशीच दाखवा.' 'जोरात रडताना समजावू नका. बोलणं म्हणजे आणखी आवाज.'

आम्ही जागा आदल्या आठवड्यात रिकामी असताना बघून आलो आणि फोटो काढले. लेक ते फोटो झोपताना क्रमाने लावायची: गेट, झोपाळा, तंबू, नळ. हे नक्की करा.

आता फी भरण्याआधी विचारायला हवं होतं आणि मी नंतर विचारलं, ते सांगतो. शिट्टी वाजवता का? (वाजवायचे. मग आमच्या गटासाठी हात वर करायची खूण ठरली.) शांत तंबू आहे म्हणता, तिथे मूल आपणहून जाऊ शकतं की चुकलं की पाठवतात? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. शिक्षा म्हणून वापरलेल्या तंबूत मूल पुन्हा पाऊल टाकत नाही. पूर्ण वेळ हजर असलेला ओटी आहे की दोन तासांचं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवकच? वजनाचं जॅकेट (अंगावर दाब देणारं) वापरत असतील तर ते मुलाला स्वतःला काढता येतं का?

आवाज कमी करणारे कानावरचे मफ आम्ही दिले, पण दिवसभर घालू नका असं ओटी मॅडमनी बजावलं होतं. सतत घातले तर कान आणखी हळवे होतात. शिट्टी, गर्दी, मशीन, तेवढ्यापुरते. आणि ऊन लागू नये म्हणून लावायचं क्रीम घरी आठवडाभर आधी लावून बघा. फवारा तिला चालला नाही, क्रीम चिकट म्हणून चाललं नाही, कांडीसारखं फिरवायचं येतं ते चाललं.

कॅम्पमध्ये काय करतात? बाहेरून बघाल तर खेळच. सकाळी आल्या आल्या वाळूच्या पिशव्या ओढायच्या, दोरीवर लोंबकळायचं, मग झोपाळा, आणि त्यानंतरच बसून करायचं काम. हा क्रम जाणूनबुजून लावलेला असतो. स्नायूंना भरपूर काम मिळालं की आमची लेक तरी वीस मिनिटं एका जागी बसते. ही सगळी मांडणी जीन एअर्स या अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्टची, १९६०-७०च्या दशकांतली. दिवसभरात अशा हालचाली पेरून ठेवण्याला सेन्सरी डाएट म्हणतात. हा शब्द ऐकून आजीने काळजीने विचारलं होतं, "मग खायला काय काय बंद?"

दहा दिवसांत मूल बरं होईल असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. या थेरपीचे पुरावेच मुळात मर्यादित आहेत, हेही त्या अकादमीने २०१२ मध्येच म्हटलंय. आमच्या कॅम्पने दोनच उद्दिष्टं मागितली आणि छोटीच मागितली. एक आम्ही लिहिलं: 'ओला झालेला टी-शर्ट टॉवेलपर्यंत पोचेस्तोवर अंगावर ठेवणं.' आधी ती जागच्या जागी काढून फेकायची. आठव्या दिवशी थेरपिस्टचा निरोप आला, 'पोचली. पळत, ओरडत, पण पोचली.' मी तो निरोप ऑफिसातल्या शेजाऱ्याला दाखवला. त्याला काही कळलं नाही.

एक राहिलं. सामानाच्या यादीत लिहिलं होतं, 'प्रत्येक कपड्यावर नावाची पट्टी शिवलेली असावी.' संवेदी अडचणींच्या मुलांचा कॅम्प, आणि पट्टी शिवा! आमच्या घरात कपडा आला की पहिलं काम कात्रीने मानेची पट्टी कापायचं. कापडावर लिहायचं मार्कर मिळतं, त्याने आतल्या बाजूला खाली शिवणीजवळ नाव लिहा. मी पाच टी-शर्टांवर लिहिलं, सहाव्यावर विसरलो, आणि शेवटच्या दिवशी तोच हरवला. लेक दुसऱ्याच कोणाचा तरी निळा टी-शर्ट घालून घरी आली, उलटा, शिवणी बाहेर. तो परत द्यावा म्हणून नाव शोधलं. नाव नव्हतं. मानेजवळ, पट्टी जिथे असायची तिथे, कात्रीने कापल्याचा धाग्यांचा छोटा चौकोन होता.