हबक्कूक कुमरानमध्ये कसा वाचला गेला

बायबलच्या जुन्या करारातील संदेष्ट्यांचा विषय निघाला की मला हमखास विचारले जाते : प्राचीन वाचक या ग्रंथांतून आपल्या सोयीचा अर्थ काढत होते का? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून मृत समुद्राकाठच्या कुमरान येथे पहिल्या गुहेत १९४७ मध्ये सापडलेल्या, हबक्कूक या संदेष्ट्याच्या ग्रंथावरील भाष्याच्या गुंडाळीविषयी लिहितो.

‘मी खास्दी लोकांना उठवतो आहे’ असे देव हबक्कूकला सांगतो. हे खास्दी म्हणजे बाबेलचे (बॅबिलोनचे) लोक. त्यानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहिणारा भाष्यकार मात्र तेथे ‘कित्तीम’ पाहतो, आणि कित्तीम म्हणजे रोमन, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शत्रू माणसांना माशांसारखा पकडतो आणि मग आपल्याच जाळ्याला बली अर्पण करतो, असे मूळ वचन आहे. भाष्यकार सांगतो, की कित्तीम आपल्या ध्वजचिन्हांना बली अर्पण करतात आणि त्यांची शस्त्रे हेच त्यांचे पूज्य विषय आहेत. रोमन सैन्याच्या ध्वजपूजेची माहिती असलेल्याला हा अर्थ किती नेमका बसवला आहे, हे लगेच जाणवेल.

यामागे एक पक्की धारणा होती. भाष्यकाराच्या मते शेवटच्या पिढीवर काय ओढवणार ते देवाने हबक्कूककडून लिहवून घेतले, परंतु तो काळ केव्हा पूर्ण होईल हे त्याला कळू दिले नाही. संदेष्ट्यांच्या शब्दांतील रहस्ये पुढे ‘नीतिमत्त्वाच्या गुरू’ला प्रकट झाली. हा गुरू भाष्यकाराच्या ज्यू पंथाचा आद्य मार्गदर्शक होता. म्हणूनच ‘नीतिमान आपल्या निष्ठेने जगेल’ हे वचन भाष्यकार नियमशास्त्र पाळणाऱ्या आणि त्या गुरूवर निष्ठा ठेवणाऱ्या लोकांना लावतो. त्याच वचनावर ख्रिस्ती प्रेषित पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत ख्रिस्तावरील विश्वासाचा सिद्धान्त उभारला, तर तालमुद या ज्यू धर्मग्रंथात नियमशास्त्राच्या ६१३ आज्ञांचे सार या एका ओळीत आले आहे, असे म्हटले आहे.

हबक्कूकच्या मनात रोमन होते, असे मी मानत नाही. तरीही या वाचनाला अप्रामाणिक म्हणणे मला अन्यायाचे वाटते. भाष्यकार प्रत्येक वेळी आधी मूळ वचन उद्धृत करतो, मग ‘याचा अर्थ असा’ म्हणून आपले सांगतो. दोहोंची सरमिसळ तो होऊ देत नाही. शिवाय ‘विलंब झाला तरी वाट पाहा’ या वचनापाशी तो उघडपणे लिहितो, की अखेरचा काळ संदेष्ट्यांनी सांगितले त्याहून अधिक लांबेल, कारण देवाची रहस्ये अद्भुत आहेत. ज्या पंथाने आपलीच पिढी शेवटची मानली होती, त्याच्यासाठी ही कबुली मुळीच सोयीची नव्हती.