नवऱ्याने भरलेला फॉर्म

मी पणजीजवळच्या एका हॉस्पिटलात सर्जरी वॉर्डला स्टाफ नर्स आहे. ब्रेस्ट रिकन्स्ट्रक्शनचा, म्हणजे कॅन्सरमुळे काढलेला स्तन नव्याने घडवायच्या ऑपरेशनचा, पेशंट आला की सगळ्यांचं लक्ष वर छातीकडे, आणि बरोबरच आहे म्हणा, पहिल्या दिवशी दर तासाला फ्लॅपचा, म्हणजे तिथे लावलेल्या कातडी-चरबीच्या तुकड्याचा, रंग बघायचा, हात लावून ऊब बघायची, खुणेच्या टाक्यावर डॉपलर मशीन धरून रक्त वाहतंय का त्याचा आवाज ऐकायचा. पण मला भीती पायांची. पोटाची कातडी आणि चरबी काढून वर लावलेली, पोट ताणून शिवलेलं, म्हणून बाई गुडघे वाकवून अर्धवट बसलेली, त्याआधी आठ-नऊ तास टेबलवर पडून, त्यात कॅन्सर. पोटरीत रक्त साकळायला अजून काय हवं? ती गुठळी सुटून फुफ्फुसात गेली की फ्लॅप कितीही गुलाबी असून काय उपयोग.

चवथीच्या तोंडावर पेडण्याकडची एक काकी होती, वय ५२. फाईलमध्ये कॅप्रिनी स्कोअर, म्हणजे गुठळीच्या धोक्याचे मार्क, ६: वयाचा १, मोठ्या ऑपरेशनचे २, कॅन्सरचे २, वजनाचा १. घरात कुणाला गुठळी झाली होती का, समोर 'नाही'.

पायाला हवेचे पंप लावलेले होते, पोटरी आळीपाळीने दाबतात ते. रात्री बघते तर मशीन बंद आणि त्या प्लगला नातेवाइकांचा मोबाईल! हे आमच्याकडे नेहमीचं आहे, बोलून बोलून तोंड दुखलं.

दुसऱ्या दिवशी तिला चालवत होते. 'सरळ होऊ नका काकी, वाकूनच चला, टाके ताणतात.' दोन पावलं टाकून ती थांबली नि पायांकडे बघून म्हणाली, 'माझ्या थोरल्या बहिणीचा बाळंतपणात एकच पाय भोपळ्यासारखा सुजला होता गो. मग एक दिवस धाप लागली नि गेलीच. आईलापण रक्त पातळ करायच्या गोळ्या होत्या.' मी तिथेच तिला खुर्चीत बसवलं. फॉर्म कोणी भरला विचारलं तर म्हणे, 'ह्यांनी. त्यांना माझ्या माहेरचं काय माहीत?'

घरच्या इतिहासाचे एकट्याचे ३ मार्क असतात, कॅन्सरपेक्षा जास्त. म्हणजे ६ चे ९ झाले. नवऱ्याचा काय दोष, तो ॲडमिशनच्या रांगेत उभा होता, कागद पुढे आला, त्याने टिक मारली. राग मला या पद्धतीचा येतो. बाई शुद्धीवर, बोलती-चालती आत बसलेली असते आणि तिच्या शरीराचे प्रश्न आपण बाहेर नवऱ्याला विचारतो.

सर्जनना फोन केला तर आधी वैतागलेच. रक्त पातळ करायचं औषध म्हणजे रक्त वाहायची भीती, त्यात ड्रेनमध्ये, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत, अजून लाली होती, आणि ज्या बारीक रक्तवाहिन्या त्यांनी मायक्रोस्कोपखाली जोडल्यात तिथे रक्त साठून दाब आला तर फ्लॅप जातो. त्यांची भीती खोटी नाही. पण ऐकून घेतलं, फिजिशियनना बोलावलं, हिमोग्लोबिन परत बघितलं आणि ठरलं की एनोक्सापॅरिन, म्हणजे गुठळी होऊ न देणारं इंजेक्शन, ४० मिलिग्रॅम रोजचं चालू ठेवायचं, डिस्चार्जनंतर घरीसुद्धा, एकूण चार आठवडे. गुठळ्या पुष्कळदा घरी गेल्यावरच होतात, वॉर्डमधून सगळं छान दिसत असतं.

सुनेला इंजेक्शन शिकवायचं माझ्याकडे आलं. एरवी हे पोटात देतात, इथे पोटच शिवलेलं, म्हणून मांडीच्या बाहेरच्या बाजूला. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला तर सुईच नको. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, सगळे काढतात नि औषधाचा थेंब जातो. कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, नंतर चोळायचं नाही. पोरीचा हात पहिल्यांदा थरथरला, दुसऱ्यांदा नाही. सासू म्हणाली, 'गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधायला स्टुलावर चढू ना?' मी म्हटलं, घरात फिरा, पण स्टूल नको आणि तासन् तास एका जागी बसणंही नको. एकच पाय सुजला किंवा धाप लागली तर लगेच निघा, विसर्जन होईपर्यंत थांबू नका.

तिला काही झालं नाही. इंजेक्शनमुळे की झालंच नसतं, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि म्हणूनच असल्या कामाला कुणी शाबासकी देत नाही. माझ्या डोक्यात आता वेगळंच घोळतंय. पुढची हार्मोनची ट्रीटमेंट ती दुसरीकडे घेणार आहे, आणि टॅमॉक्सिफेन दिलं तर त्यानेही गुठळीचा धोका वाढतो. डिस्चार्ज समरीत बहिणीचं आणि आईचं मी आग्रहाने लिहून घेतलं, खाली लाल पेनाने रेघ मारली. आता तिथल्या ओपीडीत फाईल घेऊन पुढे नवराच गेला तर निदान ती रेघ तरी कुणी वाचावी.