तिरप्या रेघेपलीकडचे आठ स्विच

कोबॉल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला बॅच प्रोग्रॅम (माणसाने मध्ये न पडता एकगठ्ठा काम उरकणारा) एकदा चाचणीतून पार पडून प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, गेला, की त्याला पुन्हा हात लावायला सहसा कुणी धजावत नाही. तरीही महिनाअखेरीला त्याने एक अहवाल जास्तीचा छापावा आणि एरवी छापू नये, एवढी माफक अपेक्षा असतेच. आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या बड्या संगणकांवर, त्यासाठी आठ स्विच असतात; खरीखुरी बटणे नव्हेत, प्रोग्रॅमला वाचता येणाऱ्या चालू-बंद खुणा. यूपीएसआय-० ते यूपीएसआय-७ यांतले हवे ते प्रोग्रॅमच्या स्पेशल-नेम्स परिच्छेदात जाहीर करायचे, त्यांच्या चालू-बंद अवस्थांना नावे द्यायची आणि त्या रात्री कोणता चालू ठेवायचा ते जेसीएलमधल्या (जॉब, म्हणजे एकेक काम, चालवण्याच्या सूचनांच्या भाषेतल्या) पॅरम या जागी लिहायचे: तिरपी रेघ, यूपीएसआय आणि कंसात ००१०००००; १ म्हणजे चालू. प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवावा, लागत नाही.

या सगळ्यात खरी मानकरी ती तिरपी रेघ. कोबॉलच्या रूढ पद्धतीत रेघेच्या अलीकडचे ते प्रोग्रॅमचे आणि पलीकडचे ते रनटाइमचे (प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेचे), अशी वाटणी असते. रेघ राहून गेली, तर सगळा मजकूर प्रोग्रॅमकडे साधा पॅरामीटर म्हणून जातो आणि त्याने तो तपासला नाही, तर आठही स्विच बंद असताना जॉब निमूटपणे पुरा होतो. रिटर्न कोड शून्य, म्हणजे सारे आलबेल, अहवाल मात्र गायब!

मोजणीतही मेख आहे. आकडे डावीकडून, शून्यापासून मोजायचे, त्यामुळे वरच्या ओळीतला १ हा स्विच २ ठरतो. रनबुकमध्ये, म्हणजे जॉब चालवणाऱ्यांसाठीच्या सूचनावहीत, ‘तिसरा स्विच चालू करावा’ असे लिहिणाऱ्याने मोजणी कुठून धरली होती, हे विचारायला जावे तर तो गृहस्थ बहुधा केव्हाच निवृत्त झालेला असतो. मायक्रो फोकस या कंपनीच्या कोबॉलमध्ये कॉबएसडब्ल्यू या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमबाहेर ठेवलेल्या सेटिंगमध्ये) अधिक किंवा उणे चिन्ह देऊन पुढे स्विचचा क्रमांकच लिहितात. ती रीत मला अधिक शहाणपणाची वाटते.

परक्या घरातल्या विजेच्या बोर्डासारखीच या आकड्यांचीही गत असते. पंख्याचे बटण कोणते, ते घरच्यांनाच ठाऊक. प्रोग्रॅममध्ये त्या अवस्थेला ‘वर्षअखेर-अहवाल’ असे नाव देणारा माणूस मला सज्जन वाटतो, ‘स्विच-३-ऑन’ म्हणून मोकळा होणारा तितकासा नाही.

आठ स्विचच्या २५६ अवस्था होऊ शकतात आणि चाचणीत त्यांतल्या मोजक्याच पाहिलेल्या असतात. म्हणून नवी अट आली, की रिकामा स्विच हाताशी असूनही मी ती होता होईल तो कंट्रोल फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वाचतो त्या सूचनांच्या फाइलमध्ये, नावानिशी लिहितो.